दुधाचा दात लवकर गेला, आता त्या जागेचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत लहान मुलांचे दात बघते. दाढ काढून झाली की कापसाचा बोळा दाताखाली धरून मूल खुर्चीतून उतरतं. आईबाबा दारापर्यंत जातात आणि परत वळून विचारतात, "डॉक्टर, आता तिथे काय करायचं?" हा प्रश्न खरं तर दाढ काढण्याआधी यायला हवा. क्लिनिकमध्ये, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पालक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ३ आणि ५ हे प्रश्न वाचा.

१. दुधाचे दात पडणारच असतात ना? मग एखादा आधी काढला तर काय बिघडतं?

दुधाचे दात २० असतात. चावणं, बोलणं, हसणं ही त्यांची कामं सगळ्यांना माहीत असतात. खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवणं हे त्यांचं चौथं काम, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसंच हे असतं. रुमाल उचलला की शेजारचा सरकतो. पक्का दात वर येईपर्यंत त्याची जागा गेलेली असते. मग तो आडवा येतो, बाहेरच्या किंवा जिभेच्या बाजूने येतो, नाहीतर हाडातच अडकून राहतो.

२. "लवकर" म्हणजे नेमकं कितव्या वर्षी? आमच्या मुलाचे दात सहाव्या वर्षीच हलायला लागले.

पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलले तर काळजीचं कारण नाही. साधारण क्रम असा असतो: खालचे पुढचे दोन ६ ते ७ वर्षांत पडतात, वरचे पुढचे दोन ७ ते ८ मध्ये, दुधाची पहिली दाढ ९ ते ११ मध्ये आणि दुधाची दुसरी, म्हणजे मागची दाढ १० ते १२ मध्ये. वर्षभर इकडेतिकडे झालं तर ते चालतं.

पण वयापेक्षा एक्स-रे जास्त खरं सांगतो. खालच्या पक्क्या दाताचं मूळ दोन तृतीयांशाच्या पुढे वाढलं असेल आणि त्याच्यावर हाड उरलं नसेल, तर तो लवकरच वर येणार. डोक्यावर हाड असेल तर दर १ मिलिमीटर हाडासाठी साधारण ४ ते ५ महिने धरा. एकाच वर्गातल्या दोन आठ वर्षांच्या मुलांची उत्तरं त्यामुळे वेगळी येऊ शकतात.

३. जागा जाते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? आणि किती दिवसांत?

मागची दाढ पुढे सरकते. वरच्या जबड्यात ती स्वतःभोवती थोडी फिरत पुढे येते, खालच्या जबड्यात पुढे कलते. सुळा आणि पुढचे दातही कधीकधी मोकळ्या जागेकडे मागे झुकतात. वरची जागा खालच्यापेक्षा लवकर जाते. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दुधाची दुसरी दाढ गेल्यावर, कारण तिच्या मागे सहा वर्षांची दाढ (सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पक्की दाढ, प्रश्न ४) टेकून उभी असते.

जागा सर्वात वेगाने जाते ती पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून "दिवाळीच्या सुट्टीत बघू, नाहीतर मे महिन्यात" हे इथे महागात पडतं.

गेल्या पावसाळ्यात आठ वर्षांची एक मुलगी आली होती. तिची खालची डावी दुधाची दुसरी दाढ सहावं लागताना दुसरीकडे काढलेली होती आणि पुढे काय करायचं हे घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी तिच्या दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा केला आणि तो आईच्या हातात दिला. दुधाची ती दाढ साधारण १० मिलिमीटर रुंद असते. तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेला सुमारे ७ मिलिमीटर लागतात. पट्टी लावली तर तिथे ५ उरले होते. आईने साच्याच्या उजव्या बाजूवर बोट फिरवलं, मग डाव्या बाजूवर, आणि म्हणाल्या, "ही दाढ तर पडायला आल्यासारखी वाकलीय." त्यांनी अगदी बरोबर पाहिलं होतं. त्या मुलीचं पुढे काय केलं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. मुलीची एकही दाढ पडलेली नाही, तरी तुम्ही मागची दाढ पक्की आहे म्हणता. ते कसं?

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून, एक नवीन दाढ येते. ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, त्यामुळे काही न पडता उगवते आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. ही पक्की दाढ. जन्मभर हीच राहते, पडून दुसरी येत नाही. "दुधाचीच असेल" म्हणून हिची कीड अंगावर काढणारी घरं मी दर आठवड्याला बघते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. दुधाच्या दाढा एका बाजूला दोनच असतात. सुळ्यापासून मागे मोजा, तिसरी दिसली तर ती पक्की.

५. दाढ किडलीय. डॉक्टर रूट कॅनल करून कॅप घाला म्हणतात. दुधाच्या दाढेला एवढा खर्च कशाला? काढून टाकली तर?

दाढ वाचण्यासारखी असेल तर वाचवा. बाजारात कुठलाही स्पेस मेंटेनर (गेलेल्या दाताची जागा धरून ठेवणारं साधन, सहसा तारेची कडी) आणा, मुलाची स्वतःची दाढ त्याच्यापेक्षा सरस असते. ती जागा धरते, चावते, समोरच्या दाढेला खाली उतरू देत नाही आणि खालच्या दाताला वाटही दाखवते. तारेची कडी फक्त जागा धरते.

दुधाच्या दाढेचं रूट कॅनल मोठ्यांसारखं नसतं. नसेचा वरचा भागच खराब झाला असेल तर तेवढाच काढून औषध भरतात. मुळापर्यंत संसर्ग गेला असेल तर मुळांत असं औषध भरतात की जे मुळाबरोबर विरघळून जाईल आणि पक्क्या दाताला अडथळा करणार नाही. वर स्टीलची कॅप बसते. दाढ पडायची वेळ आली की ती कॅपसकट पडते.

हिशेबही करून बघा. दाढ काढायचा खर्च, मग स्पेस मेंटेनर, मग दर काही महिन्यांची तपासणी. कॅपचा खर्च याहून फार वेगळा निघत नाही. मात्र मुळांच्या फाट्यात हाड खाल्लं गेलं असेल, गालावर सूज येऊन पू होत असेल किंवा वर भरायला दाढच उरली नसेल, तर काढणंच बरं. संसर्ग ठेवून जागा राखण्यात अर्थ नाही.

६. म्हणजे प्रत्येक पडलेल्या दातामागे स्पेस मेंटेनर लागतोच?

नाही. पक्का दात चार-सहा महिन्यांत वर येणार असं एक्स-रे सांगत असेल तर लागत नाही. दुधाची पहिली दाढ गेली आहे, पण सहा वर्षांच्या दाढा वरखाली एकमेकींत घट्ट बसल्या आहेत, अशा वेळी जागा फारशी जात नाही. तिथे मी बऱ्याचदा मोजमाप घेऊन ठेवते आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावते. पुढच्या दातांसाठी प्रश्न ७ पाहा, आणि खाली पक्का दातच नसेल तर १४.

खालचा दुधाचा सुळा एकाच बाजूचा लवकर गेला तर मात्र दुर्लक्ष करू नका. पुढचे दात त्या बाजूला सरकतात आणि दातांची मधली रेघ नाकाच्या रेषेत राहत नाही.

७. तीन वर्षांचा मुलगा पडला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. दुधात ठेवून आणलाय, परत बसवता येईल?

दुधाचा दात परत बसवत नाहीत. तो आत ढकलताना वर तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. (पक्का दात असा निघाला तर उलट करायचं: दाताचा पांढरा भाग धरायचा, मूळ घासायचं नाही, जमल्यास तिथल्या तिथे परत बसवायचा, नाहीतर दुधात बुडवून मिनिटं न घालवता दवाखाना गाठायचा.)

पुढच्या दातांची जागा सुळे आलेले असले की सहसा जात नाही. त्यामुळे इथे प्रश्न दिसण्याचा आणि उच्चाराचा असतो. "स" आणि "फ" म्हणताना हवा निसटते, पण बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. मूल स्वतः हसताना तोंडावर हात धरत असेल तर तारेवर बसवलेले छोटे दात लावता येतात. फोटोसाठी, शेजारणीसाठी किंवा लग्नकार्यासाठी लावू नका.

८. किती प्रकार असतात? आमच्यासाठी कोणता?

एका बाजूची एकच दाढ गेली असेल तर शेजारच्या दाढेवर स्टीलची रिंग आणि तिला जोडलेली तारेची कडी पुरते. कडी पलीकडच्या दाताला टेकते. याला आम्ही बँड अँड लूप म्हणतो. शेजारच्या दाढेला कॅपच लागणार असेल तर कडी कॅपला जोडतात.

खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील तर दोन्हीकडच्या सहा वर्षांच्या दाढांवर रिंगा आणि दातांच्या आतून, जिभेच्या बाजूने जाणारी एक तार बसते. पण खालचे पुढचे चार पक्के दात येण्याआधी ही बसवू नये, कारण ते दात दुधाच्या दातांच्या मागूनच येतात आणि तारेवर अडतात. पाच वर्षांच्या मुलाला दोन्ही बाजूंना वेगळ्या कड्या घालतो ते यासाठीच. वरच्या जबड्यात तार टाळूवरून जाते आणि पुढे टाळूला टेकणारं नखाएवढं प्लास्टिकचं बटण असतं.

काढता-घालता येणारी प्लेटही असते. बऱ्याच दाढा गेल्या असतील तर ती चावायलाही मदत करते. पण ती तोंडात राहिली तरच काम करते. शाळेच्या डब्यात, उशीखाली आणि एकदा तर कुत्र्याच्या तोंडात सापडलेली मी पाहिली आहे. म्हणून लहान मुलांना पक्की चिकटवलेलीच मी आधी सुचवते.

९. बसवताना इंजेक्शन लागतं का? मुलगी खूप घाबरते.

इंजेक्शन लागत नाही, दात कापतही नाहीत. पहिल्या खेपेला मी निरनिराळ्या मापांच्या रिंगा दाढेवर घालून बघते. योग्य रिंग सापडली की मूल एका छोट्या दांडीवर जोरात चावतं आणि रिंग खाली बसते. तेव्हा हिरडीला दाब जाणवतो, डोळ्यांत पाणीही येतं, पण ते क्षणभर. मग साच्यात थंड, गोडसर वासाचा लगदा घालून माप घेतात. मुलांना उलटीसारखं होतं ते इथे. मी त्यांना नाकाने श्वास घ्यायला आणि पायाची बोटं मोजायला सांगते.

दुसऱ्या खेपेला लॅबमधून आलेली कडी सिमेंटने चिकटवतो. त्या सिमेंटची चव मुलांना आवडत नाही. पुढचे दोन दिवस जीभ सारखी तिथेच जाते, मग मूल विसरून जातं. दाढ काढण्याआधीच माप घेऊन ठेवलं तर हे लवकर आटोपतं, म्हणून तारीख ठरवतानाच डॉक्टरांना तसं विचारा.

१०. मुलगा पाचच वर्षांचा आहे. दुधाची शेवटची दाढ काढावी लागतेय आणि मागची पक्की दाढ अजून आलीच नाही. मग कडी टेकणार कशाला?

हा सगळ्यात अवघड प्रसंग. पक्की दाढ हाडातूनच पुढे सरकत येते आणि तिला टेकायला काहीच उरलेलं नसतं. यासाठी एक खास प्रकार आहे: पुढच्या दाढेवर रिंग किंवा कॅप, आणि तिच्यापासून हिरडीत उतरणारी धातूची छोटी पट्टी. ती पट्टी येणाऱ्या दाढेला वाट दाखवते. दाढ वर आली की ती काढून साधी कडी बसवतात.

पट्टी हिरडीच्या आत राहते, म्हणून ती प्रत्येकाला चालत नाही. हृदयाच्या झडपेचा किंवा जन्मतः असलेला गंभीर दोष, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषधं असतील तर टाळतात. मुलाच्या हृदयाचं काहीही असेल तर ते दंतवैद्याला पहिल्याच भेटीत सांगा, "त्याचा दाताशी काय संबंध" असं म्हणून राहू देऊ नका. अशा मुलांत दाढ वर येईपर्यंत थांबून नंतर जागा परत मिळवण्याचा मार्ग धरतात (प्रश्न १३).

११. खायला काय बंद? ब्रश कसा करायचा?

पोळी, भात, भाकरी, फळं, सगळं चालतं. चिक्की, च्युइंगम, टॉफी, चिंचेच्या गोळ्या, खारीक, ऊस आणि बर्फ बंद. संक्रांतीचा तिळगूळ कडक पाकाचा असेल तर तोही नको, मऊ वडी चालेल. होळीची गाठी चघळू देऊ नका.

ब्रश रात्री मोठ्या माणसाने करावा. रिंगेच्या कडेला, हिरडीच्या रेषेवर ब्रश तिरका धरून फिरवा आणि कडीच्या खालून पाण्याची जोरात चूळ भरायला लावा. कडीखाली भाताचं शीत अडकतं, तिथली हिरडी लाल होते. बोटाने किंवा पेन्सिलीने कडी हलवण्याची सवय लागली तर ती वेळीच मोडा.

१२. कडी सैल झालीय पण पडलेली नाही. चालेल का?

नाही, त्याच आठवड्यात दाखवा. सिमेंट धुपून गेलं की रिंगेखाली अन्न शिरतं आणि आतली दाढ किडते. बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही. दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणीचा आग्रह यासाठीच असतो. पूर्ण निघाली तर डबीत घालून आणा, बऱ्याचदा तीच परत बसते. घरी फेव्हिक्विकने चिकटवू नका. हे प्रकार होतात म्हणून लिहिते आहे.

गिळली असेल आणि मूल शांत असेल, तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. सहसा ती शौचावाटे निघून जाते. खोकला, धाप किंवा गिळायला त्रास सुरू झाला तर मात्र थेट इस्पितळ गाठा.

१३. दाढ काढून दीड वर्ष झालं, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. आता उशीर झाला का?

आता फक्त कडी बसवून भागणार नाही, कारण ती उरलेलीच जागा धरेल. आधी सरकलेली दाढ मागे न्यावी लागते. त्यासाठी स्प्रिंगची प्लेट किंवा चिकटवलेली स्प्रिंगची तार वापरतात. गेलेली जागा दोन-तीन मिलिमीटर असेल आणि मागची दुसरी पक्की दाढ अजून यायची असेल तर हे चांगलं जमतं. ती १२-१३ वर्षांत येते. ती आली की काम जड होतं. प्रश्न ३ मधल्या मुलीला सात महिने लागले. आता तिच्या खालच्या तारेने ती जागा धरून ठेवली आहे.

१४. एक्स-रेमध्ये दुधाच्या दाढेखाली पक्का दातच दिसत नाही. मग?

खालची दुसरी उपदाढ जन्मतःच नसण्याचा प्रकार तसा नेहमी आढळतो. अशा वेळी दुधाची दाढ चांगली असेल तर ती जपा, काहींच्या तोंडात ती मोठेपणीही टिकते. ती काढावीच लागली तर जागा ठेवायची की दात सरकवून बंद करायची, हे आधी ऑर्थोडॉन्टिस्टला (वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारून ठरवा. तुमच्या मनाने किंवा माझ्या एकटीच्या मताने नको.

१५. कडी किती दिवस ठेवायची? नवव्या वर्षी तिचा आधारच पडला तर?

पक्का दात हिरडीतून डोकावला की कडी काढायची. उशीर झाला तर तीच त्याच्या वाटेत येते.

दुसरा प्रश्न अगदी योग्य आहे. दुधाची दुसरी दाढ गेली असताना कडी दुधाच्या पहिल्या दाढेला टेकवतात, आणि ती बिचारी ९ ते ११ वर्षांत पडते. उपदाढ अजून आलेली नसते. तेव्हा कडी काढून खालची लांब तार (प्रश्न ८) घालावी लागते. म्हणून तपासणी चुकवू नका.

१६. एवढं करून पुढे ब्रेसेस लागणार नाहीत ना?

तसा शब्द देता येत नाही. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर ब्रेसेस लागतात. जागा राखली तर उपचार सोपे होतात, आणि कधीकधी पक्के दात काढण्याची वेळ टळते. खालच्या जबड्यात दुधाच्या सुळा-दाढांची रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या दातांपेक्षा प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर जास्त असते. वेळेवर तार बसवून ही शिल्लक राखली तर पुढच्या दातांची थोडी दाटी तिच्यातच सुटते.

१७. खर्च झेपत नाही. सरकारी सोय आहे का?

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसंच गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे कमी शुल्कात हे काम होतं. विद्यार्थी करतात म्हणून घाबरू नका, मागे शिक्षक उभे असतात. वेळ मात्र जास्त जातो, म्हणून शाळेचा दिवस बघून जा. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात. दाताची तक्रार त्यांना सांगा, ते पुढे पाठवतात.

१८. मुलाचा डोक्याचा एमआरआय करायचाय आणि तोंडात स्टीलची कडी आहे. काही धोका?

एमआरआय करणाऱ्यांना आधी सांगा. स्टीलमुळे जवळच्या भागाची प्रतिमा बिघडू शकते, म्हणून गरज असेल तर आम्ही कडी काढून नंतर परत बसवतो. मुलाला निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोटे कानातले घातल्यावर कान चिघळत असेल, तर तेही सांगा. स्टीलमध्ये निकेल असतं.

१९. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. कीड नाही, पडलीही नाही, तरी खालचा पुढचा दात आपोआप पडला. स्पेस मेंटेनर लावायचा का?

स्पेस मेंटेनरचं नंतर बघू, आधी मुलीची तपासणी व्हायला हवी. वेळेवर पडलेला दुधाचा दात हातात घेऊन बघा. त्याला मूळ नसतं, खाली फक्त खडबडीत कड असते, कारण मूळ विरघळून गेलेलं असतं. पाच वर्षांच्या आत, काही न लागता, लांब मुळासकट दात पडला तर हाडं आणि दात घट्ट होण्याच्या प्रक्रियेतला दुर्मीळ आजार किंवा रक्तातल्या पेशींचा दोष असू शकतो. बालरोगतज्ज्ञ रक्ताच्या तपासण्या सांगतील. त्यात अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तातलं एक एन्झाइम) वयाच्या मानाने कमी आहे का, हे आवर्जून बघायला सांगा. आजी म्हणेल तसा तो दात कौलावर फेकू नका. स्वच्छ डबीत ठेवा आणि येताना घेऊन या. त्याचं मूळ मला बघायचं आहे.